अनुभव धागा : शेल स्क्रिप्ट शिकून तुमचं रोजचं कोणतं काम सुटलं?

सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींना मुद्दाम आवतण. दुकान, शाळा, शेती सांभाळून शेल (कॉम्प्युटरला टाइप करून आज्ञा द्यायची सोय; अशा आज्ञांची फाइल म्हणजे स्क्रिप्ट) शिकलेले आपल्यात बरेच आहेत. काम कोणतं होतं, कुठं अडलं, कसं सुटलं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

मी मिरजेत लग्नाचे फोटो काढतो. दोन कॅमेऱ्यांचे मिळून अडीच हजार फोटो एका फोल्डरात आणायला 'एमव्ही'ची (फाइल हलवायची आज्ञा) चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. चालली, एकही चूक दाखवली नाही. अल्बम लावायला बसलो तर अक्षता पडतानाचे फोटोच नाहीत! दोन्ही कॅमेऱ्यांनी फाइलींना तेच नंबर दिले होते, आणि एमव्ही न विचारता जुन्या फाइलीवर नवी ठेवून देतो. कार्डं पुसली नव्हती म्हणून निभावलं. आता नावाआधी कॅमेऱ्याचं अक्षर जोडतो आणि एमव्हीला 'डॅश एन' देतो, म्हणजे आधीची फाइल शाबूत राहते. शिवाय नवी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना एमव्हीच्या आधी 'इको' (पुढचा मजकूर नुसता छापणारी आज्ञा) लिहितो. मग काहीच हलत नाही, काय हलणार ते नुसतं पडद्यावर उमटतं. ते वाचूनच इको काढायचा.

सांगली, मार्केट यार्ड

हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. हंगामात रोज शेतकऱ्यांच्या साठ-सत्तर पट्ट्यांच्या (विक्रीच्या हिशेबाच्या) पीडीएफ निघतात, त्या ज्याच्या त्याच्या फोल्डरात टाकायच्या. माझं 'फॉर'चं चक्र (एकेक फाइल घेऊन तेच काम करणारं) सारखं म्हणायचं, फाइल सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर! तीन दिवसांनी उलगडलं. फाइलीच्या नावात शेतकऱ्याचं नाव आणि गाव, मधे मोकळी जागा, आणि शेल त्याच्या दोन फाइली समजत होता. फाइलीचं नाव ज्यात येतं त्या व्हेरिएबलला दुहेरी अवतरणचिन्हं घातली आणि काम झालं. सौदे उरकल्यावर तासभर याच कामात जायचा, आता सहाची बस मिळते. दादा, तुमचा इको मी उद्याच लावते.

कोरेगाव

माझं छोटंसं. शाळेत सगळ्या वर्गांच्या हजेरीच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेले साधे तक्ते) येतात. 'ग्रेप डॅश सी' प्रत्येक फाइलीत 'गैरहजर' असलेल्या ओळी मोजून देतो. एका ओळीचं काम, पण रोजचं.

सांगली, गावभाग

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी छापखान्यात शिरलं. कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती, दोन्ही गेली. पंधरा वर्षांची लग्नपत्रिकांची डिझाइनं होती त्यात. त्यानंतर मी शेल शिकलो तो फक्त 'आरसिंक'साठी, म्हणजे फाइलींची दुसरीकडे नक्कल ठेवणाऱ्या आज्ञेसाठी. रोज रात्री दोन वाजता सगळं साताऱ्याला, बहिणीच्या घरच्या मशीनवर जातं. बदललेलं तेवढंच पाठवतो, म्हणून घरच्या साध्या इंटरनेटवर भागतं.

हातानं चालणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा; त्याच्या कामांची यादी म्हणजे क्रॉनटॅब) मात्र महिनाभर चालली नाही. लॉगच्या (झालेल्या कामाच्या नोंदीच्या फाइलीच्या) नावात तारीख घालायला टक्क्याचं चिन्ह होतं, आणि क्रॉनटॅबमध्ये टक्का आला की आज्ञा तिथंच संपते. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. दुसरं, त्या वेळी वीज नसेल तर क्रॉन ते काम मागाहून करत नाही, त्यासाठी ॲनाक्रॉन लावलाय.

आणि मिरजेच्या दादा, आरसिंकमध्ये डॅश एनचा अर्थ वेगळा आहे हं : काही करू नको, नुसतं दाखव. 'डिलीट' पर्याय लावण्याआधी तो चालवाच. इथं चुकून पुसलेली फाइल त्या पर्यायानं तिथूनही जाते.

पावसाळ्यात सकाळी कुलूप काढलं की आधी रात्रीचा लॉग बघतो. बहिणीला सांगून ठेवलंय, त्या मशीनचं बटण तेवढं बंद करू नको.