युद्धात माणसं 'धारातीर्थी पडतात' की 'खर्ची पडतात'?

पहिल्या महायुद्धावरच्या एका सिनेमाबद्दल लिहायला घेतलंय. लढाई कमी आणि लढणाऱ्यांचं पुढे काय झालं तेच जास्त, असा सिनेमा. 'ह्यूमन कॉस्ट'ला 'मानवी किंमत' म्हटलं तर भाषांतराचा वास येतो. आणि 'कॅज्युअल्टी'ला जीवितहानी चालेल का?

- जीवितहानी नको, त्यात फक्त मेलेले येतात. फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईचा पहिलाच दिवस घ्या, १ जुलै १९१६, ब्रिटिशांच्या कॅज्युअल्टीज ५७,४७०, पण त्यातले ठार १९,२४०, बाकीचे जखमी, बेपत्ता, कैदी. 'हताहत' जवळ जातो, हत म्हणजे मेलेले आणि आहत म्हणजे जखमी, तरी बेपत्ता आणि कैदी बाहेरच राहतात. नुसतं कॅज्युअल्टी लिहाल तर लोकांना हॉस्पिटलचा वॉर्ड आठवणार :)

- मग सरळ 'धारातीर्थी पडले' लिहा की, भारदस्त आहे.

- भारदस्त आहे हाच तर घोळ आहे ना! तलवारीची धार हेच तीर्थ, म्हणजे मरणाला पुण्य चिकटलं. खंदकात चिखलात बसलेल्या पोरावर मैलभर लांबून तोफगोळा येऊन पडतो, त्यात कसली धार आणि कसलं तीर्थ. 'कामी आले'चंही तेच, कुणाच्या कामी? मी 'खर्ची पडले' म्हणेन, त्यात किंमत आपोआप आली आणि 'खर्ची घातले' केलं की घालणारा कोण हेही विचारता येतं. पानिपतानंतरचं ते सांकेतिक पत्र आठवा, मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची, म्हणजे चिल्लरीची, तर गणतीच नाही. साधा शिपाई तिथेही खुर्दाच.

- खर्ची पडले मस्त, घेतला! पण जे परत आले, अंगावर ओरखडा नाही आणि दार आपटलं तरी थरथरतात, त्यांचं काय? जायबंदी म्हटलं तर हातपाय मोडल्यासारखं वाटतं.

- त्याला 'शेल शॉक'च ठेवा. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो शब्द वापरला, त्या काळाचाच आहे. मराठीत 'धसका घेतला' आहे, पण तो परीक्षेचाही घेतात, त्यामुळे इथे हलका पडेल. 'मनाने जायबंदी' एखाद्या ठिकाणी चालून जाईल, सारखं सारखं नको.