परस नसलेल्या घरात जुनी काटकसर चालेल का?

चर्चाप्रस्ताव (डिचोलीहून)

आजी होती तोवर आमच्या घरात कचऱ्याची टोपली नावाची वस्तूच नव्हती, आणि त्यामागे स्वच्छतेपेक्षा काटकसरीचा विचार अधिक होता. नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय साले, न्हाणीच्या चुलीत जात, भाणातले पाणी तापल्यावर उरलेल्या राखेने भांडी घासली जात आणि तरीही राख उरली तर ती केळीच्या बुंध्याशी पडे. करवंटीची दवली (डाव) होई, झावळीच्या हिरांचा खराटा होई, मासळी धुतलेले पाणी माडाच्या आळ्यात जाई. भिरंडांच्या (कोकमांच्या) सालीची सोले (आमसुले) झाल्यावर बियाही वाया जात नसत; त्यांचे भिरंडेल भेगाळलेल्या टाचांना लावले जाई. फणसाच्या आठळ्या माती लावून पावसाळ्यासाठी राखून ठेवल्या जात.

आज गोव्यातील साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प पाहा. २०१६ साली दररोज १०० टन क्षमतेने सुरू झालेला हा प्रकल्प पुढे २५० टनांपर्यंत वाढवावा लागला. यंत्रे वाढवीत बसण्यापेक्षा घरातील जुन्या सवयी परत आणाव्यात, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (म्हापशाहून)

आपले वर्णन वाचताना माझ्या आईची नखे आठवली, कारण राखेने भांडी घासून त्यांच्याभोवती पडलेल्या चिरा शेवटपर्यंत भरल्या नाहीत. आपण सांगितलेल्या साखळीतील एकेका कडीमागे कोणा बाईचे हात होते: घासणारे, वाळवणारे, लिंपणारे, न्हाणीच्या धुरात फुंकर घालणारे. ती काटकसर पैशांची होती, वेळेची नव्हती; बाईच्या वेळेचा हिशेब कोणी मांडतच नव्हते. ते श्रम पुन्हा कोणी करायचे, हे आपण सांगितलेले नाही.

दुसरे असे की, साळगावचा आकडा घरगुती उधळपट्टीचा पुरावा म्हणून देणे मला पटत नाही. तिथे किनारपट्टीवरील हॉटेलांचा कचराही जातो, आणि कळंगुटला दोन दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला आठळ्या लिंपून ठेवायला आपण सांगू शकत नाही.

प्रतिसाद (फोंड्याहून)

मी सदनिकेत राहतो, त्यामुळे माझा अनुभव दोघांच्याही म्हणण्यात नीट बसत नाही. आमच्याकडे नारळ सोललेलाच येतो. सोडणे नाहीत, चूल नाही, म्हणून राखही नाही. भाज्यांची साले मातीच्या कुंडीत जिरवून पाहिली, तेव्हा पहिल्याच पावसात वास सुटला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. कोरडा पाला भरपूर मिसळल्यावर वास थांबला, पण सदनिकेत पाला तरी कुठून आणायचा? सध्या मी तो रस्त्याच्या झाडाखालून गोळा करतो, आणि हे काम बायकोवर टाकलेले नाही, हे म्हापशाच्या ताईंसाठी मुद्दाम नोंदवतो.

टिकलेली सवय एकच आहे, ती म्हणजे मासळीसाठी घरून डबा नेण्याची. नुस्तेकान्न (मासळी विकणारी) पहिल्यांदा हसली, आता डब्यासाठी स्वतःच हात पुढे करते. मात्र धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली जी एक मोठी पिशवी बहुतेक स्वयंपाकघरांत दारामागे टांगलेली असते, तिला मी काटकसर म्हणणार नाही. २०२२ च्या अखेरीपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना देशभर मनाई आहे, तरीही ती पिशवी फुगतेच आहे. तिथे कचरा कमी होत नाही, फक्त थोडा उशिरा बाहेर पडतो.

प्रस्तावकाचे उत्तर

श्रमांचा मुद्दा मला मान्य आहे. आजी राबत असताना आम्ही मुलगे सोप्यावर बसून असायचो. भांडी राखेने घासावीत, असा आग्रह मी आता धरणार नाही. हॉटेलांविषयीही ताईंचे म्हणणे बरोबर आहे.

पण ज्यांच्याकडे परस आहे, त्यांच्याविषयीचे माझे म्हणणे कायम राहते. आमच्या वाड्यावर पाडेली नारळ पाडून जातो, सोडणे आणि झावळ्यांचा ढीग बागेत पडून राहतो आणि उन्हाळ्यात कोणीतरी त्याला सरळ काडी लावतो. हीच सोडणे माडाच्या आळ्यात पालथी पसरली, तर ओल टिकते आणि पाणी कमी द्यावे लागते. त्यासाठी कोणाच्या नखांना चिरा पडण्याचे कारण नाही, आणि ते काम पाडेलीला चार पैसे जास्त देऊन त्याच दिवशी करून घेता येते. मागील खेपेपासून मी तेच करतो आहे.