मदत हवी आहे: ठेवणीतल्या वस्तऱ्यांना गंजापासून वाचवायला कोणतं तेल?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कार्बन स्टीलचे काही वस्तरे आहेत. रोजच्या वापरातल्याची काळजी नाही, तो पुसून, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून कोरडा राहतो. प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने ठेवून द्यायच्या पात्यांचा. धारेजवळ पोलाद इतकं पातळ असतं की गंजाचा बारीकसा ठिपकाही धार खातो, आणि मग दगडावर घासून बरंच पोलाद घालवावं लागतं. जुन्या, चांगल्या पात्याचं असं होऊ नये, एवढीच तळमळ.

सूर्यफुलासारखी तेलं मी बाद केली आहेत, ती हवेने खवट आणि चिकट होतात. जवसाचं तर वाळून पापुद्राच धरतं. उरलं शुद्ध मिनरल ऑइल, नाहीतर जपानी कारागीर वापरतात ते कॅमेलियाचं तेल. मिनरल ऑइल खवट होत नाही, म्हणून माझा कल तिकडे आहे. पण ते पात्यावरून हळूहळू ओघळून जातं का? त्यापेक्षा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात बरा का?

आणि मुठीच्या खिळीपाशी पाणी अडकतं, तिथे तेल कसं पोहोचवता? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.