मदत हवी आहे: साउंडबोर्डमध्ये प्रेक्षकांचा आवाज मिसळताना ड्रम दुहेरी ऐकू येतोय

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची मैफल, 8 मे 1977, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. साउंडबोर्डची प्रत (थेट मिक्सरमधून घेतलेली, 2017 ची अधिकृत सीडी) स्वच्छ आहे, पण लोक जवळजवळ गायब. जॅम (उत्स्फूर्त वादन) चढत जातो तेव्हा उठणारी आरोळी फक्त प्रेक्षकांतून कॅसेटवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मिळते. घरी ऐकण्यापुरतं दोन्ही एकत्र करतोय, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये.

पहिला स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या खणखणीत ड्रमचा) ठोका जुळवला की वीस मिनिटांनी कॅसेटवाली प्रत 0.9 सेकंद मागे पडते. म्हणून तिचा वेग 0.075 टक्के वाढवला (टेम्पो नव्हे, वेगच, सूरही तेवढाच उतरलेला असतो). दोन्ही टोकं जुळली, पण मध्ये 20-30 मिलिसेकंद इकडेतिकडे होतंच. कॅसेट एका चालीने चालत नाही, त्याला इलाज नाही. प्रेक्षकांतल्या माइकच्या अंतराचा उशीर, मीटरला साधारण 3 मिलिसेकंद, सुरुवातीलाच काढलाय. पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहिली, फरक नाही.

प्रेक्षकांचा ट्रॅक 8 डेसिबल खाली, 150 हर्ट्झखालचं कापलेलं. बास ठीक आहे, स्नेअर मात्र पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ.

दर गाण्याला तुकडे पाडून जुळवावं, की दर दोन-तीन मिनिटांनी? वादन चालू असताना मध्येच तुकडा जोडला तर क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढण्याचा वेळ) किती ठेवता? आणि एन्व्हलपने (आवाज हवा तिथे कमी-जास्त करण्याच्या साधनाने) फक्त आरोळीपुरता ट्रॅक वर घेतला, तर हॉलचा घुमारा अचानक आल्यासारखा वाटत नाही ना? कॅसेटची बाजू उलटताना पडलेली फट तर नुसत्या साउंडबोर्डवरच सोडावी लागणार, असं दिसतंय.