ओला-सुका वेगळा करून नक्की काय होतं?

पाणपोई:
निवृत्त झाल्यापासून इमारतीच्या कचऱ्याचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. सोळा बिऱ्हाडं. चारजण वेगळा देतात, बाकीचे एकाच पिशवीला गाठ मारून मोकळे. वर घंटागाडी आली की आमचे दोन्ही डबे एकाच हौद्यात! मुलगा म्हणतो, "बाबा, नद्यांचं काय झालंय बघा, आणि तुम्ही दुधाच्या पिशव्या धुताय." पण खरं सांगतो, सकाळी पेपर वाचून मन विटतं, तेव्हा त्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या की बरं वाटतं. ही स्वतःची समजूत घालणं झालं का? उपदेश नको, अनुभव सांगा.

कोथरूडकरीण:
काका, तुमच्या धुतलेल्या पिशवीचे कुणाला तरी पैसे मिळू शकतात. आमच्याकडे 'स्वच्छ'च्या मावशी येतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ची. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये महापालिकेशी करार झाला. घरटी महिन्याचं शुल्क मिळतं, शिवाय सुक्यातलं भंगार विकून येईल ते त्यांचंच. मावशी पार्किंगमध्ये फतकल मारून पुठ्ठा, पत्रा, कडक प्लास्टिक, दुधाच्या पिशव्या निवडतात. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला बाजूला सारतो. शेजारी बसून पाहिलंय, म्हणून सांगते.

दुसरं म्हणजे पॅड आणि डायपर. आमच्याकडे ते खुशाल भाजीच्या देठांत यायचे. मावशी बोलायच्या नाहीत, पदर नाकाला लावायच्या. 'स्वच्छ'ची लाल ठिपक्याची मोहीम आहे: कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका काढायचा, वेगळं द्यायचं. मी सोसायटीच्या सभेत विषय काढला तर पुरुषमंडळींना एकदम मोबाइलमध्ये महत्त्वाचं काही सापडलं! तरी बोलले. आता बहुतेक घरांतून ठिपका येतो. नद्यांचं मला कळत नाही. कशात हात घालतोय हे मावशींना आधी कळतं, एवढं झालं.

रोखठोक:
छान आहे, पण अशा कौतुकात यंत्रणा सुटते. घनकचऱ्याच्या २०१६च्या नियमांत नागरिकाने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायचे असं होतं, तसं वेगळा दिलेला वेगळाच नेणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे. पाणपोई, हौद्याचा फोटो काढा आणि लेखी तक्रार द्या. पोच घ्यायला विसरू नका. पिशव्या नंतर धुवा.

कोथरूडकरीण:
नंतर कशाला? दोन्ही करा. उलट स्वतः वेगळा देणाऱ्यालाच तक्रार करायला तोंड असतं.

भरती-ओहोटी:
मी मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर काही रविवार गेलोय. अफरोज शाह या वकिलाने २०१५मध्ये शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली. लांबून वाटतं, कचरा उचलायचा आणि पिशवीत टाकायचा. प्रत्यक्षात प्लास्टिक वाळूत रुतलेलं असतं. एक टोक दिसतं, ओढत बसा, कंबर जाते. पावसाळ्यात समुद्र सगळं पुन्हा आणून टाकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संताप आला. तिथले जुने लोक मात्र हातमोजे चढवत होते. मार्च २०१८मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. नंतर कचरा परत आलाच, हेही खरं. मला ते दोन्ही एकत्र लक्षात ठेवायला आवडतं.

पाणपोई:
सर्वांचे आभार. रोखठोक, अर्ज लिहायला घेतलाय, तुम्ही म्हणता तशी पोच घेईन. लाल ठिपक्याचं पत्रक सौ. लिहिणार आहे, माझं अक्षर कुणाला लागत नाही. कोथरूडकरीण ताई, गच्चीत खत करायचं म्हणतोय. विरजण म्हणून आंबट ताक चालतं ना? आणि वास आला तर वरचे मजले माझ्यावर धावून येतील, त्याचं काय?

कोथरूडकरीण:
ताक चालतं, थोडंच घाला. वास आला म्हणजे ओल जास्त झाली. सुका पाला घालून हलवा. डब्याला खालून भोकं हवीत. नारळाच्या शेंड्या तळाशी. पांढुरक्या अळ्या झाल्या तर घाबरू नका, त्या कामाच्या आहेत. वरच्या मजल्यांना दाखवू मात्र नका.