पडद्यावरच्या पानावर खुणा: तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात माझा टॅबलेट बंद पडला. नवा घेतला, सगळ्या फायली उतरवून घेतल्या आणि उघडून पाहते तर पानं कोरी! सात महिने एक ४०० पानी हस्तलिखित वाचत होते. समासातले शेरे, अधोरेखित वाक्यं, प्रश्नचिन्हं, काहीच नाही. फाइल तीच होती, खुणा मात्र त्या अ‍ॅपच्या पोटात राहिल्या होत्या आणि अ‍ॅप जुन्या टॅबलेटबरोबर गेलं.

पेन्सिलीची खूण कागद असेपर्यंत राहते, याची मला इतकी सवय की पडद्यावर केलेली खूण नक्की कुठे साठते हा प्रश्नच कधी पडला नाही. म्हणून हा धागा. तुम्ही काय वाचता, खुणा कशा करता, कुठे अडलात, त्यानंतर काय बदललंत, ते लिहा. साधनांची नुसती नावं नकोत, प्रसंग सांगा.

---

मी मुद्रितशोधन करते, २२ वर्षं झाली. पहिली १४ लाल पेनाची. पीडीएफवर आले तेव्हा चुकीचा शब्द पिवळा करायचा आणि पुढे जायचं, एवढंच करत होते. कागदावर खुणेच्या समोर समासात दुरुस्ती लिहिलेली असायची. इथे फक्त पिवळा पट्टा. अक्षरजुळणी करणाऱ्या दादांचा फोन आला, "ताई, पान ८७ वर 'दिन' पिवळा केलाय. त्याचं काय करायचं?" मला 'दीन' हवं होतं. त्यांनी विचारलं म्हणून बरं. त्याच पुस्तकात आणखी नऊ ठिकाणी त्यांनी न विचारता स्वतःच्या अंदाजाने बदल केले होते आणि त्यातले चार चुकले होते.

तेव्हापासून प्रूफावर हायलाइट बंद. शब्द बदलायचा असेल तर 'रिप्लेस'ची खूण करते. मूळ शब्दावर काट येते आणि सोबत चिठ्ठी उघडते, तिच्यात पूर्ण शुद्ध शब्द टाइप करते. शब्द गळला असेल तर काकपद, म्हणजे शब्द घालायची खूण. काही विचारायचं असेल तर चिठ्ठीची सुरुवातच 'लेखकासाठी' अशी करते, म्हणजे दादा ती दुरुस्ती समजून घेत नाहीत.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी खास सांगते. एकटी वेलांटी किंवा जोडाक्षराचा अर्धा भाग निवडायला जाऊ नका, अख्खा शब्द निवडा. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप होते नंतर. पीडीएफमध्ये हा क्रम पुष्कळदा बिघडलेला असतो, त्यामुळे निवड भलत्याच जागी उडी मारते. मूळ शब्द कॉपी करून चिठ्ठीत चिकटवू नका. मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल तर चांगल्या मराठी शब्दाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात. हातानेच टाइप करा, वेळ लागू दे.

दुसरं प्रूफ आलं की पहिल्या प्रूफाच्या शेऱ्यांची यादी शेजारी उघडते आणि एकेक शेरा 'झाला' म्हणून टिक करते. खूण असलेली ओळ अख्खी वाचते, कारण दुरुस्ती करताना नवी चूक शिरते ती बहुधा त्याच ओळीत.

---

पीएचडी करतोय. झोटेरोमध्ये, म्हणजे संदर्भ आणि लेख सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ३१ लेख खुणा करून वाचले आणि मार्गदर्शक सरांना फायली पाठवल्या. सरांचं उत्तर आलं, "तू अजून वाचायला सुरुवात केलेली दिसत नाही." मला फार लागलं ते.

कारण नंतर कळलं. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोत स्वतःचा पीडीएफ वाचक आहे, पण त्यातल्या खुणा फाइलमध्ये जात नाहीत, झोटेरोच्या डेटाबेसमध्ये राहतात. पाठवायची फाइल वेगळी एक्स्पोर्ट करावी लागते, खुणांसकट. तशी पुन्हा पाठवली तेव्हा सरांनी माझ्या शेऱ्यांखाली उत्तरं लिहून पाठवली.

---

मी दस्तऐवजांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. धागाकर्त्या ताईंच्या बाबतीत काय झालं असेल ते वरच्या अनुभवात आलंच आहे, थोडं आतलं सांगतो.

अडोबीने पीडीएफ १९९३ मध्ये आणलं आणि २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० नावाचं खुलं मानक झालं. त्यात खूण पानाच्या मजकुरात मिसळत नाही. प्रत्येक पानासोबत खुणांची वेगळी यादी असते. एका नोंदीत खुणेचा प्रकार, पानावरच्या जागेचे आकडे, रंग, शेरा, करणाऱ्याचं नाव, वेळ एवढं असू शकतं. म्हणजे 'हे वाक्य पिवळं' असं फाइलला माहीत नसतं. 'पानावरचा इथून इथपर्यंतचा चौकोन पिवळा' एवढंच माहीत असतं. म्हणूनच मजकूर बदलून फाइल नव्याने तयार केली की जुन्या खुणा तिच्यात आपोआप येत नाहीत, आणि ओढूनताणून आणल्या तर भलत्याच ओळीवर बसतात.

ही यादी फाइलमध्येच लिहायची की स्वतःजवळ ठेवायची, हे प्रत्येक अ‍ॅप आपापलं ठरवतं. खात्री करायची तर एक पान खुणा करून स्वतःलाच पाठवा आणि दुसऱ्या उपकरणावर, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. मी नवं अ‍ॅप घेतलं की पहिल्या दिवशी हेच करतो.

आणखी एक. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की खुणा पानाच्या चित्राचा भाग होऊन जातात. जपून ठेवायला ते उत्तम, पण मग शेऱ्याला उत्तर देता येत नाही आणि शेरा काढताही येत नाही. म्हणून दोन्ही प्रती ठेवा.

स्कॅन केलेल्या पानावर हायलाइट चालत नाही अशी तक्रार नेहमी येते. तिथे अक्षरं नसतातच, फोटो असतो. आधी ओसीआर करून घ्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर होतो. त्यासाठीचं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मराठीची सोय आहे. जुन्या, फिकट छपाईवर ते चुकतं, पण खूण करण्यापुरती ओळ पकडता येते.

---

वरच्या नोंदीत 'करणाऱ्याचं नाव' आलंय, त्यावरून लिहिते. एका शोधनिबंधाचं मी निनावी परीक्षण केलं होतं. अहवालात नाव नाही, पत्रात नाव नाही. पण निबंधाच्या पीडीएफवर ४० चिठ्ठ्या लावून तीच फाइल परत केली. चिठ्ठीवर माउस नेला की वर माझं पूर्ण नाव दिसत होतं. लेखकाने नंतर एका कार्यक्रमात भेटून आभार मानले, सौजन्याने मानले, तरी माझ्या अंगावर काटा आला. निबंध मी नाकारला असता तर? आता परीक्षणाआधी सेटिंगमध्ये जाऊन नावाच्या जागी 'परीक्षक' लिहिते आणि पाठवण्याआधी पाच-सहा चिठ्ठ्या उघडून पाहते.

---

वकिलाच्या कार्यालयात काम करतो. मजकुरावर काळा चौकोन काढणं म्हणजे मजकूर पुसणं नव्हे, हे कृपया सगळ्यांना सांगा. तो चौकोनसुद्धा एक खूणच असते, अक्षरं खाली जशीच्या तशी राहतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या दस्तऐवजात हेच झालं. काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कोणालाही कॉपी करून वाचता येत होता.

आम्ही मजकूर कायमचा पुसणारं 'रिडॅक्ट'चं वेगळं साधन वापरतो, त्यात आधी भाग निवडायचा आणि मग 'अप्लाय' करायचं. नुसतं निवडून सोडलं तर काहीच पुसलं जात नाही. शेवटी पूर्ण फाइल निवडून, कॉपी करून कोऱ्या पानावर चिकटवतो आणि झाकलेली नावं शोधतो. सापडली नाहीत तरच फाइल बाहेर जाते.

---

मी शेवटच्या वर्षाला आहे. पाच रंग वापरायचे: व्याख्या निळी, तारखा गुलाबी, असं. पान सुंदर दिसायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं तर जवळजवळ सगळंच रंगवलेलं, आणि त्यातलं आठवत काहीच नव्हतं. खूप रडले त्या रात्री.

ताईने सांगितलं की २०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पडताळल्या होत्या. अधोरेखन आणि हायलाइटिंग कमी उपयोगाच्या गटात निघालं, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं वरच्या गटात. मग मी समासात प्रश्न लिहायला लागले. परिच्छेद वाचून झाला की त्याचं उत्तर परिच्छेदात सापडेल असा एक प्रश्न चिठ्ठीत लिहायचा, रंग नाही. दोन दिवसांनी नुसती शेऱ्यांची यादी उघडते आणि पान न बघता उत्तरं लिहिते. जिथे अडते तिथे चिठ्ठीवर टिचकी मारली की थेट तो परिच्छेद येतो. वेळ जास्त जातो, पण डोक्यात राहतं.

---

मला दिसत नाही. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरून काम करतो. धाग्यात रंगांबद्दल बरंच आलंय, म्हणून माझी बाजू.

आमच्या गटात अहवाल वर्डमध्ये फिरतो. एक सहकारी पिवळा म्हणजे 'तपासा', हिरवा म्हणजे 'मान्य' असं करायचा. एनव्हीडीए मजकूर वाचत जायचा, मला रंग कळायचाच नाही. रंग सांगण्याची सोय सुरू करता येते, पण मग दर काही शब्दांनी रंगाचं नाव कानावर पडतं आणि वाक्य तुटतं. कमेंटचं तसं नसतं. कमेंट आणि मजकुरातले बदल एनव्हीडीए यादीत दाखवतो. यादीत खालीवर फिरून हवी ती निवडली की कर्सर थेट त्या जागी जातो.

हे मी त्याला एकदा शेजारी बसवून, आवाज मोठा करून ऐकवलं. आधी त्याचा रंगवलेला अहवाल, मग कमेंट घातलेला. दोन मिनिटं तो काही बोलला नाही. त्यानंतर आलेल्या प्रत्येक फाइलमध्ये रंग आहे, आणि त्याच्यावर कमेंटही आहे, 'तपासा' किंवा 'मान्य' आणि पुढे कारण. गेल्या आठवड्यातल्या अहवालात ६२ कमेंट होत्या. पूर्वी कोणाला तरी शेजारी बसवून विचारत बसावं लागायचं. या वेळी सगळ्यांना मी एकट्याने उत्तरं दिली आणि दुपारी फाइल परत पाठवली.