खटल्यांत सापडलेल्या गूगलचे शेअर घ्यावेत का?

उद्यमनगरकर
गूगलवर मक्तेदारीचे खटले आहेत, एवढ्यावरच आपल्या कोल्हापुरातली बरीच मंडळी तिच्या मूळ कंपनीच्या, अल्फाबेटच्या शेअरला हात लावत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की सर्चमधली मक्तेदारी कंपनीने बेकायदा टिकवली. आता गूगलचा क्रोम ब्राउझर विकायला लावणार, अशी हाकाटी झाली. २ सप्टेंबर २०२५ ला उपायांचा आदेश आला आणि क्रोम कंपनीकडेच राहिला. 'फक्त आमचंच सर्च ठेवा' असे करार बंद झाले, थोडा डेटा स्पर्धकांना द्यावा लागणार, बस्स. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ९ टक्के चढला. दंडाची भीती तर सोडूनच द्या. २०२४ चा नफा सुमारे १०० अब्ज डॉलर आणि युरोपने सप्टेंबर २०२५ मध्ये ठोठावलेला दंड २.९५ अब्ज युरो! चांगली कंपनी खटल्याच्या धास्तीने स्वस्त मिळते, तेव्हाच घ्यावी.

शाहूपुरीवाला
दादा, कंपनी वाचली म्हणजे गुंतवणूकदार वाचला असं होत नाही. मायक्रोसॉफ्टचंच बघा. १९९८ ला खटला, जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश, २००१ ला अपिलात तो रद्द. कंपनी अखंड राहिली, पण डिसेंबर १९९९ चा भाव परत दिसायला २०१६ उजाडलं. त्या भावाला घेऊन बसलेल्याची पोरं शाळेतून नोकरीला लागली असतील.

उद्यमनगरकर
त्याला खटला कारण नव्हता. तेव्हा शेअर त्यामागच्या वार्षिक कमाईच्या साठपटीहून महाग होता. त्या भावाला कुठलीही कंपनी घेतली असती तरी हेच झालं असतं.

शाहूपुरीवाला
भाव महाग होता, मान्य. पण खटला कंपनीचं लक्ष खातो, हे तुम्ही हिशेबातच धरत नाही. बिल गेट्स यांनी स्वतः २०१९ मध्ये सांगितलं की खटल्यामुळे लक्ष विचलित झालं, नाहीतर आज लोक अँड्रॉइडऐवजी विंडोज मोबाइल वापरत असते. आता गूगलसमोर एआयवाले उभे असताना वरचे लोक वकिलांबरोबर बसणार. हे नुकसान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

शिरोली एमआयडीसी
तुम्ही दोघं भावाचंच बोलताय. मला वेगळं विचारायचंय: ही कमाई येते कुठून? फोन आणि ब्राउझरमध्ये आपलं सर्च आधीपासून बसलेलं असावं म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले, हे कोर्टात उघड झालं. महाद्वार रोडवरच्या प्रत्येक दुकानाची दर्शनी जागा एकाच व्यापाऱ्याने भाडं भरून अडवावी, तसं हे. आपल्याकडे स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला. शिवाय १७ एप्रिल २०२५ ला न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी वेबसाइटवाल्यांचा अ‍ॅड सर्व्हर (त्यांच्या जाहिरातीच्या जागा सांभाळणारी यंत्रणा) आणि जाहिरात एक्सचेंज (त्या जागांचा लिलाव होतो तो बाजार), या दोन्ही बाजारांत बेकायदा मक्तेदारी असल्याचं ठरवलं. शेवटी हा खर्च जाहिरात देणाऱ्या आपल्यासारख्या लघुउद्योजकांच्याच माथी येतो. त्याच मक्तेदारीचा भागीदार व्हायला माझं मन घेत नाही.

उद्यमनगरकर
ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण ते कोर्टाने दूर करायचं. माझा एक शेअर न घेतल्याने ते जात नाही. पैशाचं म्हणाल, तर दुसऱ्यांच्या वेबसाइटवरच्या जाहिरातींची कमाई २०२४ मध्ये सुमारे ३० अब्ज डॉलर होती, एकूण ३५० अब्जांतली. अमेरिकी सरकारच्या मागणीप्रमाणे जाहिरात एक्सचेंज विकावं लागलं तरी कणा मोडत नाही.

शिरोली एमआयडीसी
माझ्या एका शेअरने काही होत नाही, हे खरं. पण कुठला नफा घ्यायचा नाही, हे तरी मला ठरवता येतं.

लक्ष्मीपुरी
घेणार असाल तर कराचं आधी बघा. वर्षात दहा लाखांवर पैसे बाहेर पाठवले तर वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. लाभांशातून अमेरिका २५ टक्के कापते. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरलाच पाहिजे. आणि तुमच्या अमेरिकी शेअरची एकूण किंमत ६० हजार डॉलरच्या वर गेली, तर मागे राहिलेल्या वारसांना तिथला वारसा कर भरावा लागू शकतो. हे घरात सांगून ठेवा.

शाहूपुरीवाला
म्हणूनच मी नॅसडॅक १०० चा, म्हणजे अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांचा फंड घेईन. अल्फाबेट त्यात येतेच.

उद्यमनगरकर
त्यात अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन आणि फेसबुकवाली मेटाही येतात. तिघींवर अमेरिकेत मक्तेदारीचे खटले झालेत. मग खटला टाळलात कुठे?

शाहूपुरीवाला
खटला टळला असं मी म्हणतच नाही. मेटाचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या बाजूने लागला, गूगलचे दोन्ही विरोधात गेले. न्यायाधीश वेगळे, पुरावे वेगळे. तुम्ही सगळी रक्कम एकाच निकालावर लावताय. माझा पैसा शंभर कंपन्यांत असेल.